एकच वही, दोन हात : ऑफिसातल्या सर्व्हरची भांडणं

बचतगट, बँक, कर्ज यांवर आपण नेहमी बोलतो. आज मी जरा वेगळा विषय घेतलाय. ‘सर्व्हर’ म्हटलं की तुम्हाला रेशन दुकानातली ती रांग आठवेल. अंगठा लावायला गेलं की उत्तर येतं, “सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.” मी त्या सर्व्हरबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे तुमच्या-माझ्या गटांच्या ऑफिसात, टेबलाखाली, पाय लागेल तिथे ठेवलेल्या सर्व्हरबद्दल.

आमचं बुवापाड्यातलं ऑफिस म्हणजे एक खोली. तीन संगणक, एक प्रिंटर, कपाटात गटांची रजिस्टरं आणि दारात चपलांचा ढीग. परिसरातल्या गटांचा हिशेब इथे संगणकावर चढतो. गेल्या वर्षी एका गटाची बँकेच्या कर्जाची फाईल तयार होत होती. त्या गटातल्या एक मावशी घरी जीन्सचे धागे कापायचं काम करतात. पॅंटीमागे मोजून पैसे मिळतात. त्यातून त्यांनी अंतर्गत कर्जाचे तीन हप्ते वेळेवर भरले होते. पण बँकेला जी यादी गेली त्यात त्यांचे दोनच हप्ते दिसले. बँकेच्या साहेबांनी विचारलं, “तुमच्या गटात थकबाकी आहे, मग नवीन कर्ज कसं द्यायचं?” मावशी तिथेच होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मान खाली घालून बसून राहिल्या.

ऑफिसात आल्यावर मी पहिलं काय केलं? नोंदी करणाऱ्या मुलीला बोलले. “लक्ष कुठे असतं तुझं?” ती रडली. दोन दिवसांनी कळलं की तिने तिसरा हप्ता चढवला होता, बरोबर चढवला होता. फक्त तो दुसऱ्याच फाईलमध्ये होता. चूक संगणकांच्या मांडणीत होती, आणि ती मांडणी आम्ही मोठ्यांनी करून ठेवलेली होती. मी बीए झालेली, विषय मराठी. हे काही कॉलेजात शिकवलेलं नाही. पण त्या दिवसापासून मी हे नीट समजून घेतलं, आणि तेच आज सांगते.

सर्व्हर म्हणजे वाढणारा. पंगतीत वाढणारी बाई असते ना, तशी. ज्या संगणकात फाईल आहे आणि जो ती बाकीच्यांना देतो तो सर्व्हर, मागणारे ते ग्राहक. त्यासाठी फार मोठं यंत्र लागत नाही. आपल्या साध्या विंडोज संगणकावर एखाद्या फोल्डरवर जाऊन ‘शेअर’ केलं की तो सर्व्हर झाला. साध्या विंडोजला मर्यादा आहे, एका वेळी वीसच जोडण्या घेतो, पण आपल्या ऑफिसला तेवढ्या पुरून उरतात. हे संगणक एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला एसएमबी म्हणतात. आयबीएम कंपनीत १९८०च्या दशकात ती तयार झाली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल या माणसाने तीच भाषा दुसऱ्या जातीच्या संगणकांना शिकवणारा ‘सांबा’ नावाचा प्रोग्राम लिहिला आणि फुकट वाटला. बाजारात फायली ठेवायचे छोटे डबे मिळतात, त्यांतल्या बऱ्याच डब्यांत हाच सांबा असतो. नावावरून आमच्या ऑफिसात इडली-सांबारचा विनोद झालाच.

आता भांडणं. सगळ्यात जास्त नुकसान करणारं आधी घेते, कारण मावशींचा हप्ता त्यातच गेला.

गटाच्या बैठकीत रजिस्टर एकच असतं. सचिव लिहीत असेल तर दुसरी थांबते. एकाच पानावर दोघींनी दोन पेनं चालवलेली मी तरी पाहिलेली नाहीत. संगणकालाही हे कळतं. सर्व्हरवरची एक्सेलची फाईल तुम्ही उघडली की त्याच फोल्डरमध्ये एक छोटी लपलेली फाईल तयार होते. तिच्या नावाच्या सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरची खूण असते. ती म्हणजे ‘रजिस्टर अमकीच्या हातात आहे’ अशी चिठ्ठी. दुसरीने तीच फाईल उघडली तर तिला निरोप येतो की फाईल अमुक व्यक्तीने लिहायला घेतली आहे. खाली पर्याय येतात. ‘रीड ओन्ली’ म्हणजे नुसती वाचा. ‘नोटिफाय’ म्हणजे मोकळी झाली की सांगतो. तिसरा म्हणजे राहू द्या.

इथपर्यंत यंत्र बरोबर वागलं. पुढची चूक आपली. महिनाअखेर, संध्याकाळचे साडेसहा, मुलीला बदलापूर लोकल पकडायची घाई. ती ‘रीड ओन्ली’ दाबते, नोंदी करते, आणि जतन करायला गेली की संगणक म्हणतो, या नावाने होणार नाही, दुसरं नाव द्या. ती देते. ‘थकबाकी नवीन’. दुसऱ्या दिवशी दुसरी करते ‘थकबाकी फायनल’. मग ‘फायनल २’. आमच्या फोल्डरमध्ये अशा सात फायली निघाल्या. प्रत्येकीत थोडं खरं, पूर्ण खरं एकीतही नाही. बँकेला गेली ती ‘फायनल’. मावशींचा तिसरा हप्ता होता ‘नवीन’मध्ये.

आणखी एक गंमत सांगते. गंमत कसली, डोकेदुखीच. तो निरोप येतो तेव्हा कोणाच्या हातात फाईल आहे त्याचं नाव दाखवतो. आमचे दोन संगणक उल्हासनगरच्या बाजारातून जुने घेतलेले. त्यांत नाव येई ‘यूजर’. दोन्हींवर ‘यूजर’. म्हणजे फाईल ‘यूजर’कडे अडकली आहे! आता यूजरला हाक कुठून मारायची? ते नाव एक्सेलच्या स्वतःच्या सेटिंगमधून येतं. फाईल, मग ऑप्शन्स, मग जनरल, तिथे यूजर नेम. आम्ही तिथे प्रत्येकीचं नाव टाकलं. दोन मिनिटांचं काम. आता निरोप आला की खोलीतल्या खोलीत हाक मारता येते, “अगं, तुझी झाली का? बंद कर.”

कधी कधी फाईल कोणाच्याच हातात नसते तरी अडकलेली दिसते. काम चालू असताना वीज गेली की असं होतं. ती चिठ्ठी फाडायची राहून जाते. अशा वेळी आधी खरंच कोणी फाईल उघडून बसलं नाही ना, ते बघा. मग सर्व्हरच्या संगणकावर ‘कॉम्प्युटर मॅनेजमेंट’मध्ये ‘शेअर्ड फोल्डर्स’, त्यात ‘ओपन फाईल्स’ अशी जागा असते. तिथे कोणती फाईल कोणी धरली आहे ते दिसतं आणि ती सोडवता येते. हे जमत नसेल तर सगळ्यांनी आपापलं काम जतन करून सर्व्हर बंद-चालू करावा. पण सोडवण्याआधी विचारा. कोणी लिहीत असताना तिची फाईल सोडवली तर तिचं न जतन केलेलं काम जाऊ शकतं.

दुसरं भांडण याच्याच पोटातलं, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड. आमच्याकडे नवा संगणक आला. मदत म्हणून मिळाला, आनंद झाला. कोणीतरी त्यावरही ‘हिशेब’ नावाचा फोल्डर शेअर केला, कारण जुना हळू चालायचा. झाले दोन सर्व्हर, दोन ‘हिशेब’. वर आमच्या लेखापाल ताईंच्या संगणकावर वनड्राईव्ह चालू होतं, ते आपणहून फायली इंटरनेटवर चढवत होतं. अशा सेवांना एकाच फाईलची दोन वेगवेगळी रूपं सापडली की त्या कोणती खरी ते ठरवत नाहीत. दोन्ही ठेवतात. वनड्राईव्ह फाईलच्या नावामागे संगणकाचं नाव चिकटवतो. ड्रॉपबॉक्स ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं लिहितो, म्हणजे तंट्यातली प्रत. असं नाव दिसलं की पुसू नका आणि दुर्लक्षही करू नका. दोन्ही उघडून, कागदी रजिस्टर शेजारी घेऊन, ओळ न् ओळ ताडून बघावी लागते. दुसरा इलाज नाही.

आम्ही काय केलं? बैठक घेतली. ठराव केला, इतिवृत्तात लिहिला. हिशेबाचा खरा फोल्डर एकाच संगणकावर राहील. दुसऱ्यावरचा शेअर काढला. शेअर केलेल्या फोल्डरवर इंटरनेटला चढवणारी सेवा चालणार नाही. आणि गटनिहाय वेगळी फाईल केली, म्हणजे दोघींना एकाच वेळी एकच फाईल लागण्याची वेळच कमी येते. एका गटात दहा ते वीस बायका, तेवढ्याची फाईल लहान असते, पटकन उघडते. आधी आम्ही सगळे गट एकाच मोठ्या फाईलमध्ये घातले होते, तेच मुळात चुकलं होतं.

लेखापाल ताईंना हे आवडलं नाही, ते सांगायला हवं. त्यांचं म्हणणं, “माझ्या संगणकावरचं काढून घेता म्हणजे माझ्यावर विश्वास नाही.” कोणाचा फोल्डर खरा यावर जे भांडण होतं ते वायरीचं नसतं. आठ दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. शेवटी खरा फोल्डर ठेवायचा संगणक त्यांच्याच टेबलाखाली ठेवला आणि रोज संध्याकाळी प्रत काढायची जबाबदारी त्यांनी घेतली.

ज्यांच्याकडे इंटरनेट बऱ्यापैकी चालतं त्यांनी गूगल शीट वापरलं तर हा पहिला तंटा बराच मिटतो. तिथे एकाच पानावर अनेकींना एकदम लिहिता येतं आणि कोणी काय बदललं ते जुन्या आवृत्त्यांमध्ये दिसतं. पण दोघींनी एकाच चौकटीत लिहिलं तर शेवटी लिहिणारीचं राहतं. आणि इंटरनेट गेलं की काम अडतं. आमच्याकडे पावसात ते जातं, म्हणून आम्ही अजून ऑफिसातलाच सर्व्हर ठेवला आहे.

आता पत्त्यांचं भांडण. ऑफिसातल्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. साधारण असा दिसतो : १९२.१६८.१.५. हा पत्ता इंटरनेटचा डबा, म्हणजे राउटर, वाटतो. चाळीच्या मालकाने खोल्यांना नंबर द्यावेत तसा. या वाटपाला डीएचसीपी म्हणतात. मालक एक असला की सगळं ठीक.

आमच्या मागच्या कोपऱ्यात वायफाय पोचत नव्हतं. एका ताईंच्या मुलाने घरचा जुना राउटर आणून वायरीने जोडून दिला. कोपऱ्यात वायफाय आलं, आम्ही त्याला चहा पाजला. दुसऱ्या दिवसापासून कधी प्रिंटर सापडेना, कधी सर्व्हर दिसेना, कधी इंटरनेटच नाही. आणि रोज वेगळ्या संगणकाचं गाऱ्हाणं. झालं असं की चाळीला दोन मालक झाले. संगणक चालू झाला की तो हाक मारतो, “मला पत्ता द्या.” जो राउटर आधी ओ देईल त्याचा पत्ता घेतो. एक १९२.१६८.१ या ओळीतले पत्ते वाटत होता, दुसरा १९२.१६८.० या ओळीतले. एका ओळीतल्याला दुसऱ्या ओळीतला शेजारी दिसत नाही. आज ज्याला पहिल्याने ओ दिली त्याला उद्या दुसरा देईल, म्हणून रोज बिघाड वेगळ्या जागी.

हे ओळखायचं कसं? दोन संगणकांवर पत्ता बघा. शोधायच्या चौकटीत ‘सीएमडी’ लिहून काळी खिडकी उघडा, तिच्यात ‘आयपीकॉन्फिग’ टाईप करा. पत्त्यातले पहिले तीन आकडे दोन्हींवर सारखे नसतील तर दोन मालक आहेत असं समजा. आणि पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या संगणकाच्या हाकेला कोणीच ओ दिलेली नाही, आधी वायर बघा. इलाज असा : दुसऱ्या राउटरमधलं डीएचसीपी बंद करायचं, त्याला पहिल्याच ओळीतला एक मोकळा पत्ता द्यायचा, आणि वायर त्याच्या ‘लॅन’ लिहिलेल्या भोकात घालायची, ‘वॅन’मध्ये नाही. मग तो फक्त वायफाय पसरवतो, मालकी करत नाही. आता तो मुलगा काही चुकला नव्हता. डबा जोडायच्या आधी कोणाला विचारायचं हेच आमच्यात ठरलेलं नव्हतं.

मालक एक असला तरी एक पत्ता दोघांना जाऊ शकतो. प्रिंटर बसवणाऱ्याने प्रिंटरमध्येच पत्ता पक्का लिहून टाकला होता, आणि राउटरला त्याची खबर नव्हती. वीज गेली, आली. राउटरने तोच पत्ता कोणाच्या तरी मोबाईलला दिला. नंतर प्रिंटर चालू झाला. एका खोलीत दोन बिऱ्हाडं! यावर पक्का उपाय म्हणजे राउटरमध्येच प्रिंटरचा आणि सर्व्हरचा पत्ता राखून ठेवायचा. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक बारा अक्षर-आकड्यांची खूण मिळते, तिला मॅक पत्ता म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या खुणेसमोर आयपी पत्ता लिहिला की तो दुसऱ्याला जात नाही.

नावांची भांडणं त्या मानाने सोपी. गटात दोन सुनीता असल्या की आपण मोठी सुनीता, धाकटी सुनीता करतो. दुकानदाराने जुने संगणक एकाच साच्यातून तयार करून दिले असतील तर दोघांचं नाव एकच निघतं, आणि जाळ्यावर नाव दोनदा आलं असा निरोप येतो. एकाचं नाव बदला. पंधरा अक्षरांच्या आत, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता.

असाच एक निरोप आम्हाला छळायचा, क्रमांक १२१९. एकच संगणक एकाच सर्व्हरकडे दोन वेगळ्या नावांनी जायला बघतो तेव्हा तो येतो. सकाळी एकीने आपल्या नावाने सर्व्हर उघडला, दुपारी त्याच संगणकावर दुसरी आपलं नाव-पासवर्ड घालायला गेली, तर सर्व्हर म्हणतो, आधीची आत आहे. पहिलीने साइन आऊट केलं किंवा संगणक बंद-चालू केला की मोकळं होतं. नाही झालं तर ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये जुना पासवर्ड साठवलेला असतो, तो काढायचा. यावर कंटाळून अनेक ऑफिसात सगळ्यांना एकच नाव आणि एकच पासवर्ड देतात, किंवा फोल्डर ‘एव्हरीवन’ला उघडा ठेवतात. आम्हीही ठेवला होता. त्या फोल्डरमध्ये सभासदांच्या आधार कार्डाच्या आणि पासबुकाच्या प्रती होत्या, आणि वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. आलेल्या-गेलेल्या कोणालाही आमच्या बायकांची कागदपत्रं बघता आली असती. माणसांची माहिती जपण्याचा कायदा आपल्या देशात २०२३ साली झाला. पण कायदा नसता तरी ही लाजेचीच गोष्ट होती. आता प्रत्येकीला वेगळं नाव आहे, कागदपत्रांचा फोल्डर दोघींनाच उघडतो, आणि पाहुण्यांसाठी राउटरमधलं वेगळं ‘गेस्ट’ वायफाय आहे.

एक सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल, तो ऐकू नका. फार जुना संगणक नव्या संगणकातला फोल्डर बघू शकत नाही, तेव्हा दुरुस्तीवाला म्हणतो, “एसएमबी वन चालू करून देतो.” ही त्या भाषेची सगळ्यात जुनी बोली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला, संगणकातल्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागत होता. तो याच जुन्या बोलीतल्या खिंडारातून एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता. त्याच वर्षाच्या शेवटापासून नवीन विंडोजमध्ये ती बंद करूनच देतात. तिच्यासाठी जाळं उघडं करण्यापेक्षा तो जुना संगणक जाळ्यातून काढा, फक्त टायपिंगला ठेवा.

आणि प्रत. तंटा सोडवताना चुकून खरीच फाईल पुसली गेली तर? आमच्याकडे एक बाहेरची डिस्क आहे, तिच्यावर रोज संध्याकाळी लेखापाल ताई प्रत काढतात. शनिवारी दुसरी डिस्क भरून घरी नेतात. घरी का, तर २६ जुलै २००५ ला उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं होतं, आणि २०१९च्या जुलैत पुन्हा. मूळ आणि नक्कल एकाच खोलीत ठेवली तर दोन्ही एकदमच भिजतात.

मावशींचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. कपाटातलं कागदी रजिस्टर काढलं. बैठकीचं इतिवृत्त, त्यात तिसऱ्या हप्त्याची रक्कम आणि समोर मावशींची सही. नाबार्डने १९९२ साली पाचशे गटांपासून गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा गटांकडे कुठे संगणक होते? हिशेबलेखन म्हणजे हेच रजिस्टर. पंचसूत्रीत ते शेवटचं येतं, आणि त्या दिवशी त्यानेच वाचवलं. आम्ही पानाची झेरॉक्स आणि दुरुस्तीचं पत्र घेऊन बँकेत गेलो. साहेबांनी मान्य केलं. कर्ज मिळालं, पण गणपती होऊन गेल्यावर. ज्या बाईला सणाच्या आधी पापडाचा माल भरायचा होता तिचा हंगाम गेला. त्याची भरपाई आम्ही देऊ शकलो नाही. नोंदी करणाऱ्या मुलीची मी सगळ्यांसमोर माफी मागितली. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोर.

आता राउटरच्या शेजारी आम्ही एक पुठ्ठा टांगलाय. कोणत्या यंत्राचं नाव काय, पत्ता कोणता, खरा फोल्डर कुठे, नवा डबा जोडायचा तर कोणाला विचारायचं, हे सगळं त्याच्यावर मराठीत, स्केचपेनने. पासवर्ड मात्र त्यावर नाहीत. सगळं सुरळीत झालंय असंही नाही. मागच्या शनिवारी वीज येऊन-जाऊन झाल्यावर प्रिंटर पुन्हा ‘ऑफलाईन’ दाखवायला लागला. बघितलं तर प्रिंटर बदलून नवा आणला होता, त्याची बारा अक्षरांची खूण वेगळी, आणि राउटरमध्ये अजून जुन्या प्रिंटरचीच लिहिलेली. ते काम या आठवड्यात करायचं आहे.